गाडी माझ्या नावावर आहे

पत्र इंदूरहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई ५६ वर्षांच्या, माहेर रामबागेतलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. जानेवारीतल्या एका रात्री त्यांचा २४ वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू खाऊन गाडीनं परत येत होता. रस्ता झाडणाऱ्या एका सफाई कर्मचारी बाईंना त्याच्या गाडीची धडक बसली. मुलगा थांबला, काच खाली केली आणि घाबरून निघून आला. कुणा रिक्षावाल्यानं बाईंना एम. वाय. रुग्णालयात पोचवलं. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. दोन दिवसांनी पोलिसांची नोटीस आली: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, ते मालकानं लेखी कळवावं. गाडी पत्र लिहिणाऱ्या बाईंच्या नावावर आहे. यजमानांनी अकरा वर्षं घरी असलेल्या ड्रायव्हरला, घरात सगळे ज्याला 'भैया' म्हणतात त्याला, विचारलं, तो 'हो' म्हणाला. त्याचा जामीन लगेच होईल, त्याच्या मुलीची कॉलेजची फी हे भरतील, जखमी बाईंना ५० हजार देतील आणि मुलाचं जर्मनीतलं ॲडमिशन वाचेल. बाई विचारतात, "कुणाचंच नुकसान होत नसेल, तर मला झोप का येत नाही? आणि आईनं मुलाच्या विरोधात सही करायची, हा कसला न्याय?"

ताई,

नोटिशीची मुदत या सदराच्या तारखेसाठी थांबणार नव्हती, म्हणून घाईची गोष्ट तुम्हाला त्याच संध्याकाळी कळवली: खोट्या उत्तरावर सही करू नका आणि यजमानांचे वकील सोडून स्वतःचा वेगळा वकील गाठा. बाकीचं सवडीनं लिहिते आहे, तुमची परवानगी घेऊन. अशी पत्रं मला वर्षातून दोन-तीन तरी येतातच. गाडीच्या जागी कधी दुकान असतं, कधी जमिनीचा कागद.

वकिली सोडून नऊ वर्षं झाली, तरी कागद वाचताना हातात पेन्सिल लागते. तुमच्या साडेचार पानांच्या समासात मी कोण किती बोलतं त्याची नोंद करत गेले. यजमान सगळ्यांत जास्त बोलतात. दीर बोलतात, ओळखीचे वकील बोलतात. जाऊबाईसुद्धा एक वाक्य बोलून जातात, "अगं, भैया आपलाच माणूस आहे." भैया स्वतः एकच शब्द बोलतो. तुमचा मुलगा एकदाही बोलत नाही. तो खोलीत आहे, धड जेवत नाही, फोन बघत पडून असतो, एवढंच कळतं. ज्यानं गाडी चालवली तो सोडून बाकी सगळ्यांचं म्हणणं माझ्या टेबलावर आहे.

तेव्हा तुमचा प्रश्न जरा बाजूला ठेवून मीच एक विचारते. सही 'मुलाच्या विरोधात' होईल, हे कशावरून ठरवलंत? त्याला विचारलंत का? कदाचित त्याला खरं सांगून मोकळं व्हायचं असेल आणि वडिलांसमोर तोंड उघडत नसेल. कदाचित भैयाच्या आड लपायला त्याची काहीच हरकत नसेल. दुसरी शक्यता ऐकायला जड जाईल, पण तीही त्याच्या तोंडून ऐका. अठराव्या वर्षी त्याला लायसन मिळालं, मत मिळालं. आता जबाब द्यायची वेळ आली, तर घरातले चार मोठे त्याच्या वतीनं बोलताहेत. यजमान म्हणतात, पोराचं आयुष्य वाचवतोय. पण त्या रात्री त्यानं काच खाली केली, पाहिलं आणि वर केली. आता घर त्याला तीच काच पुन्हा वर करायला शिकवतं आहे.

आता 'कुणाचंच नुकसान नाही' याकडे येते. हिशेब चोख आहे, यजमान व्यापारी आहेत हे लगेच कळतं. भैयाला फी, बाईंना पैसे, मुलाला जर्मनी, पोलिसांना आरोपी. एकही रकाना रिकामा नाही.

भैयाचा रकाना आधी बघू. अकरा वर्षांत भैया तुम्हाला किती वेळा 'नाही' म्हणाला, आठवून सांगा. पहाटे चारला स्टेशन गाठायचं असायचं तेव्हा? दिवाळीत त्याला गावी, खरगोनला जायचं असायचं आणि तुमच्याकडे पाहुणे यायचे तेव्हा? तुम्हीच लिहिलं आहे की त्याच्या आईच्या ऑपरेशनला दिलेले ६० हजार पगारातून कापून घेता आणि निम्मे अजून बाकी आहेत. ज्याला 'नाही' म्हणणं परवडतच नाही, त्याच्या 'हो'चं वजन किती धरायचं? आपला करार कायदा १८७२ चा आहे, म्हणजे चांगलाच म्हातारा. पण त्यालाही हे कळतं. एका पक्षाची दुसऱ्यावर हुकमत चालते असं नातं असेल आणि त्याचा गैरफायदा घेऊन करार झाला, तर दबलेल्या पक्षाला तो रद्द करून घेता येतो. तुमच्या घरच्या सौद्याची तर आणखीच गंमत आहे. बेकायदा गोष्टीसाठी केलेला करार मुळातच पोकळ. दोन वर्षांनी तुमचा धंदा बसला आणि मुलीची फी थांबली, तर भैया कुठल्या कोर्टात दाद मागणार?

लायसन तुमच्या मुलासाठी शनिवारची रात्र आहे. भैयासाठी ती चूल आहे. शिवाय त्याच्या नावावर नुसता अपघात लागणार नाही, धडक देऊन पळून जाणंही लागेल. त्या रात्री स्टिअरिंगवर भैया असता तर तो पळाला असता का? तुम्ही त्याला अकरा वर्षं ओळखता, मी नाही. पण या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माहीत आहे आणि झोप न येण्याचं निम्मं कारण तिथंच असावं, असा माझा कयास आहे.

आपल्या जागी दुसऱ्याला पुढे करायची ही रीत फार जुनी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ साली सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला. ज्याचं नाव निघेल त्यानं लढायला जायचं, नाहीतर ३०० डॉलर भरायचे किंवा बदली माणूस द्यायचा. सगळं उघड, कायदेशीर आणि बदली जाणाऱ्याच्या संमतीनं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी १५० डॉलर देऊन पोलंडहून आलेल्या एका स्थलांतरिताला पाठवलं. त्यांचंही कारण घरचंच होतं, आई आणि बहिणींचा भार त्यांच्यावर होता. त्याच वर्षी जुलैत न्यूयॉर्कमध्ये भरतीविरुद्ध दंगली पेटल्या. श्रीमंतांचं युद्ध आणि गरिबांनी लढायचं, असं लोक उघड म्हणू लागले. दंगलखोरांनी तो राग काढला मात्र शहरातल्या निरपराध काळ्या लोकांवर, त्या दंगलखोरांची कड मी घेणार नाही. पण संमती घेतली, पैसे मोजले, कायदाही बाजूला होता, तरी काहीतरी सलत राहिलं ते राहिलंच. माल विकत घेता येतो, मेहनत विकत घेता येते. शिक्षा आणि मरण विकत घ्यायला लागलो की समाजात दोन जातीची माणसं होतात: चूक करणारी आणि ती भोगणारी. आपल्याकडे अजून तरी कायद्यानं ही सोय दिलेली नाही. आपण ती घरच्या घरी करून घेतो.

आता जखमी बाईंचा रकाना. तुमच्या पत्रात गाडीचं मॉडेल आहे, रंग आहे, बंपरला किती खर्च येईल तेही आहे. त्या बाईंचं नाव नाही. "झाडूवाली" असं तीनदा आलं आहे. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय म्हणून आपण पाहुण्यांना अभिमानानं हिंडवतो. ते पहिलं कसं येतं, तर आपण सराफ्यात खात असतो तेव्हा या बायका चमकणारं जॅकेट घालून रस्ता झाडत असतात. असो, हे थोडं विषय सोडून झालं.

या बाई एक दिवस कोर्टात उभ्या राहतील. त्यांनी काच खाली होताना पाहिली आहे, आतला चेहरा पाहिला आहे, कोवळा. समोर उभा असेल पंचेचाळीस वर्षांचा भैया. त्या म्हणाल्या, "हा नव्हता," तर वकील विचारतील, मग तुम्ही खोटं बोलता की पोलीस? असे साक्षीदार गारद होताना मी पाहिले आहेत. खरं बोलणारा माणूस गडबडतो. त्या "हाच होता" म्हणाल्या, तर आपण त्यांच्याही तोंडी खोटं घातलं. मोडलेलं हाड महिन्यांत जुळेल. पण कोर्टात लबाड ठरणं हे तुमच्या घरानं त्यांना दिलेलं वेगळं फ्रॅक्चर असेल आणि ते यजमानांच्या हिशेबात कुठेच नाही.

आणि ते ५० हजार. यजमान त्याला माणुसकी म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमाप्रमाणे गंभीर दुखापतीला अडीच लाखांची भरपाई आहे, चूक कोणाची हे सिद्ध न करता. चूक सिद्ध करायची तयारी असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात बुडालेली मजुरी, पुढचे उपचार, आलेलं अपंगत्व हे सगळं मागता येतं. त्यातलं बहुतेक तुमची विमा कंपनी भरेल, त्यासाठीच दरवर्षी हप्ता भरता. म्हणजे पाकिटातली रक्कम त्यांच्या हक्काच्या पाचव्या हिश्श्याइतकीच आहे आणि वर उपकार. शिवाय खोटा ड्रायव्हर उघडा पडला, की विमा कंपनी वाद घालायला मोकळी. त्या वादात वर्षं जातील ती त्या बाईंचीच.

तुम्ही इंदूरच्या, म्हणून राजवाड्याजवळच्या आडा बाजाराची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. पण ती मी पुन्हा सांगणार आहे, कारण आपण तिचा शेवट नीट ऐकत नाही. मालेरावांच्या रथाखाली वासरू गेलं. गाय रस्त्यात बसून राहिली. अहिल्याबाईंनी सुनेला नाव न घेता विचारलं, आईसमोर तिचं लेकरू मारणाऱ्याला काय शिक्षा द्यावी? सून म्हणाली, तशीच. मग मालेरावांना बांधून रस्त्यात टाकलं, रथ हाकायला कुणी धजेना, म्हणून अहिल्याबाई स्वतः रथावर चढल्या. आणि ती गायच पुन्हा पुन्हा रथाच्या आड येऊन उभी राहिली. म्हणून आडा बाजार.

ही दंतकथा आहे. मालेराव १७६७ मध्ये आजारपणात गेले, गादीवर बसून वर्षही झालं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मुलावर रथ घालायला निघालेल्या आईचा आदर्श मला कधीच पचला नाही. रामशास्त्री काय किंवा ही दंतकथेतली अहिल्याबाई काय, सगळ्यांना हवी असतात ती शेजारच्या घरात. तुम्ही रथावर चढावं असं मी मुळीच म्हणत नाही.

पण गोष्टीत दोन बारीक जागा आहेत. पहिली म्हणजे प्रश्न नाव न घेता विचारला. १९७१ साली जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं 'अज्ञानाचा पडदा' म्हणून एक कल्पना मांडली: समाजाचे नियम ठरवताना त्यात आपण कोण असणार, श्रीमंत की गरीब, हे माहीत नाही असं धरून ठरवा. सुनेला विचारलेला प्रश्न त्याच जातीचा. तुम्ही यजमानांना तसाच विचारून बघा. एका घरातल्या मुलानं रस्त्यावरच्या बाईला उडवलं, नोकराला उभं केलं, बाईला ५० हजार दिले. रस्त्यावरची बाई आपल्यापैकी कुणी असती तर? आणि तो नोकर आपला मुलगा असता तर?

दुसरी जागा मला जास्त महत्त्वाची वाटते. मालेरावांना वाचवलं कोणी? आईनं नाही, दरबारानंही नाही, गाईनं. जिचं वासरू गेलं तिनं. माफ करायचा हक्क तिचा होता. तुमच्या घरात गेले पंधरा दिवस सगळे मिळून मुलाला माफ करताहेत, फक्त ज्यांना तो हक्क आहे त्यांना कुणी विचारलेलं नाही. तुम्हाला नवल वाटेल, पण आपला फौजदारी कायदाही काहीसा असाच विचार करतो. हयगयीनं दुखापत केल्याच्या कलमात तडजोड करता येते, मात्र ती करायचा अधिकार जखमी माणसाचा. पण माफ करायचं तर आधी कुणाला, हे त्यांना कळायला हवं. भैयाला दिलेली माफी तुमच्या मुलापर्यंत पोचणार कशी?

आता आईपणाचं. ते मी झटकून टाकणार नाही. कन्फ्यूशियसला एका सरदारानं अभिमानानं सांगितलं, आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे की बापानं मेंढी चोरली तर त्यानं बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणाला, आमच्याकडे सरळपणा वेगळा असतो, बाप मुलाला झाकतो आणि मुलगा बापाला. मला तो म्हातारा आवडतो. आपला कायदाही नात्यापुढे थोडा वाकतो. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमातून नवराबायकोला सूट आहे. आईबापांना ती सूट का नाही, हा प्रश्न मला आजही पडतो. आणि तुमच्या मुलाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणी करू शकत नाही, तो हक्क संविधानाच्या विसाव्या कलमानं दिला आहे.

तेव्हा झाकणं मला समजतं. पण त्या मेंढीच्या गोष्टीत बापाला वाचवायला शेजाऱ्याला चोर ठरवलेलं नाही. तुमच्याकडे पदराखाली झाकणं संपून पदर भैयाच्या गळ्यात बांधणं सुरू झालं आहे. तुम्हाला रात्री टोचतं ते हेच, आणि त्याला 'आईचं मन कच्चं पडतंय' म्हणणाऱ्या दिरांचं ऐकू नका.

भीतीपोटी शिक्षेचा आकार घरात फुगतो, म्हणून तोही सांगून ठेवते. भारतीय न्याय संहितेत हयगयीनं गंभीर दुखापत केल्याला कमाल तीन वर्षं कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा जामीनपात्र. मदत न करता निघून गेल्याचं कलम वेगळं लागेल. पहिलाच गुन्हा, स्वतःहून पुढे येणं, उपचारांची जबाबदारी घेणं, हे सगळं न्यायाधीश बघतात. जर्मनीचं एक वर्ष जाईल, कदाचित ॲडमिशनही जाईल. मी खोटा धीर देणार नाही. पण खोटी माहिती देऊन खऱ्या आरोपीला वाचवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यात तुम्ही, यजमान आणि भैया तिघंही याल. चौकातले कॅमेरे, मोबाईलचं लोकेशन, गाडीतले मित्र यांचीही आठवण ठेवा. पकडले जाल म्हणून खोटं बोलू नका, असं सांगणं मला आवडत नाही, पण यजमानांना तेवढंच पटणार असेल तर तेवढं तरी सांगा.

करायचं काय? आधी मुलाशी एकट्यानं बोला. यजमान दुकानात असताना, स्वयंपाकघरात, हाताला काही काम असू द्या, गवार मोडा, लसूण सोला. "त्या रात्री काय झालं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. तो रडला तरी मध्ये बोलू नका. मग तुम्ही, तो आणि तुमचा वकील असे तिघं बसा. तो स्वतः हजर होणार असेल तर ते नोटिशीच्या उत्तराआधी किंवा उत्तराबरोबर होऊ दे. तसं झालं, तर तुमची सही त्याच्या विरोधात कुठे राहिली? ती त्याच्या जबाबाच्या शेजारी असेल. तो नाही म्हणाला तरी मालक म्हणून मोटार वाहन कायद्याच्या १३३ व्या कलमाखाली माहिती देणं तुम्हाला चुकत नाही. त्या वेळी काय आणि किती लिहायचं ते वकिलाला विचारून लिहा, पण भैयाचं नाव त्यात येता कामा नये.

भैयाशी यजमानांसमोरच बोला. त्याचा 'हो' परत करा, नोकरी जाणार नाही हे सांगा आणि जमलं तर उरलेलं कर्ज सोडून द्या. फी कबूल केली होतीत ती भरा, आता तिच्या बदल्यात काही मागायचं नाही.

जखमी बाईंकडे पाकीट घेऊन जाऊ नका. त्यांचा जबाब व्हायच्या आधी घरचं कुणी गेलं तर ते दडपण दिसतं आणि असतंही. विम्याचा क्रमांक, कंपनीचं नाव वकिलामार्फत पोचवा. उपचारांचा खर्च लगेच उचलायचा असेल तर तो दाव्याच्या बदल्यात नाही, असं लिहून उचला. दाव्याला २०१९ च्या दुरुस्तीनं सहा महिन्यांची मुदत घातली आहे, हेही त्यांना कळायला हवं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जबाब झाल्यावर, त्यांची तयारी असेल तर, मुलाला घेऊन जा. तोवर त्यांचं नाव माहीत करून घ्या.

यजमान चिडतील. चिडू देत. "आई असून?" या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर द्यायची गरज नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. तुम्ही भैयाच्या जागी असाल, तर मालकासमोर हो म्हणून आलात तरी पोलिसांसमोर खरं बोलायला तुम्ही मोकळे आहात. घरच्या 'हो'ला कायद्यात काही किंमत नाही. आणि त्या रिक्षावाल्याच्या जागी असाल, तर घाबरू नका: मोटार वाहन कायद्याच्या १३४अ कलमाखालच्या नियमांनुसार जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर आपलं नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. त्या रात्री रस्त्यावर एवढी माणसं होती, त्यांतला हा एकच उतरला.

ताई, उत्तर दोन प्रतींत करा. ठाण्यात स्वतः द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पोच तुमच्या लोखंडी कपाटात ठेवा, गाडीच्या कागदांबरोबर नको, ते कागद यजमानांकडे असतात असं तुम्हीच लिहिलं आहे.